पहिली फुंकर दादाची

दुपारी चार वाजता माझ्या नातीचे ओठ दादाच्या नळीला लागणार होते. आणि सकाळी साडेदहाला, खोक्यांवरच्या चिठ्ठ्या चाळता चाळता, माझ्या लक्षात आलं की काहीही झालं तरी ते होऊ द्यायचं नाही.

एका दमात सांगून मोकळी झाले, कारण त्या दिवशी सगळं एका दमातच घडलं. आता जरा बैजवार सांगते.

आमचा काचेचा कारखाना आहे. माणसं सतरा, भट्टी एक. लांब, पोकळ लोखंडी नळी भट्टीत घालायची, टोकावर वितळलेल्या काचेचा गोळा घ्यायचा आणि दुसऱ्या टोकाने फुंकायचं. गोळा फुगतो. मग तो फिरवत, ओढत, दाबत त्याची फुलदाणी करायची, नाहीतर बरणी, नाहीतर दिव्याची चिमणी. मोठी वस्तू एकट्याची नसते. पहिली फुंकर दादाची. गोळ्याची भिंत सगळीकडून सारखी झाली, की तो नळी दुसऱ्याच्या हातात देतो, आणि तो दुसरा त्याच टोकाला तोंड लावून पुढचं फुंकतो. काच थांबत नाही, त्यामुळे टोक पुसायला कुणाला सवड नसते. खरं सांगायचं तर पुसावंसं कधी कुणाला वाटलंही नाही. दादाच्या मागून फुंकायला मिळणं हा मान होता.

दादा म्हणजे माझा सख्खा थोरला भाऊ, पण कारखान्यात तो सगळ्यांचाच दादा. वय बासष्ट. छाती अशी, की दारातून आडवं जावं लागेल की काय असं वाटावं. मी मागच्या खोलीत. तयार वस्तू खिडकीकडे धरायची, आत बुडबुडा दिसतोय का बघायचं, नखाने टिचकी मारून आवाज ऐकायचा, कागदात गुंडाळून खोक्यात घालायची, आणि चिठ्ठी लावायची: वस्तू कुठली, तारीख काय, पहिली फुंकर कुणाची, पुढचं काम कुणाचं. पुढे कुठे तडा गेला तर कुणाच्या नावाने बोटं मोडायची ते कळावं म्हणून. चिठ्ठीची दुसरी प्रत माझ्या डब्यात. शाळा माझी सातवीत सुटली, पण डबे लावण्यात मला कुणी हरवून दाखवावं.

आता आमची समजूत सांगते. भट्टी रोग खाते. म्हणजे भट्टीसमोर उभ्या राहणाऱ्या माणसाच्या छातीत रोग टिकत नाही, जळून जातो. पुरावा मागितलात तर आम्ही दादाकडे बोट दाखवायचो. लहानपणी आमच्या घरात सगळ्यांना गालगुंड झालं, आम्ही फडकी बांधून रांगेत झोपलो होतो, आणि हा पठ्ठ्या सगळ्यांच्या वाटची पेज पीत हिंडत होता. चाळीस वर्षं भट्टीवर, एक रजा नाही. त्यामुळे भट्टीवाल्यांच्या घरात मूल झालं की ते चाळिसाव्या दिवशी कारखान्यात आणायचं. दादा मुठीएवढा काचेचा गोळा फुगवणार आणि नळीचं टोक बाळाच्या ओठांना टेकवणार. बाळाचा एखादा उच्छ्वास गेला आत तर गेला. दादाच्या छातीचं बळ बाळाला येतं, असं आम्ही म्हणायचो. माझ्या लेकीचा निळा गोळा अजून माझ्या कपाटात आहे. माझा स्वतःचाही आहे, आधीच्या उस्तादाने फुगवलेला. तेव्हा मी काही वरून खाली बघून हे सांगत नाहीये. मी त्यातलीच.

त्या दिवसाच्या सव्वा महिना आधी लंबू आजारी पडला. आमचा सगळ्यात उंच कारागीर. घसा दुखतोय म्हणाला, आम्ही म्हटलं, एवढा लांब घसा, दुखणारच. तीन दिवसांत त्याची मान सुजून खांद्याएवढी झाली आणि त्याला श्वास घेता येईना. इस्पितळात गळ्याला भोक पाडून नळी घातली, तेव्हा वाचला. इस्पितळवाले आधी काहीतरी भलतंच नाव सांगत होते. आम्ही घाबरलो. आणि घाबरल्यावर माणसाला जे सुचतं ते सुचलं. कुणीतरी म्हणालं, आता लहानसहान वस्तूंनाही दादानेच आधी फुंकावं. सकाळी नळ्या ओळीने मांडायच्या, दादाने प्रत्येकीत एक फुंकर मारायची, म्हणजे नळी शुद्ध. मग ज्याने त्याने कामाला घ्यावी.

कुणीतरी म्हणजे मी. ते लपवण्यात अर्थ नाही. माझीच कल्पना.

त्यानंतर तीन आठवड्यांत गवई पडला आणि चष्मिस पडला. गवई म्हणजे कामावर गुणगुणणारा. चष्मिसचं नाव का पडलं ते सांगायला नको. आणि त्या दिवसाच्या दोन दिवस आधी गवईच्या घशाचा रिपोर्ट आला: घटसर्प.

आदल्या दिवशी दवाखान्यातल्या नर्सबाई आल्या. ठेंगणी, चटपटीत बाई, बोलते तर वाटतं हिला पुढची गाडी पकडायची आहे. चौदाजणांची यादी केली, कापूस लावलेल्या काड्या घशात फिरवल्या, सगळ्यांना गोळ्यांची पाकिटं दिली. "कुणालाही काही होत नसलं तरी गोळ्या घ्यायच्या. रिपोर्ट दोन दिवसांनी," म्हणाल्या, आणि माझ्याकडे वळून, "ताई, नात आहे ना घरात? मुका घ्यायचा नाही हं. लांबून कौतुक."

मी म्हटलं बरं. आणि तरीही चार वाजताचा बेत मोडावा हे माझ्या डोक्यात आलं नाही. उलट लेक फोनवर म्हणाली, "आई, एवढा आजार पसरलाय, तर मामाची फुंकर लवकरात लवकर मिळायला हवी तिला." आणि मी म्हटलं, "हो गं, खरंच." बाळ एकोणचाळीस दिवसांचं होतं. चाळिसाव्यापर्यंतसुद्धा आम्हाला दम निघेना. तिची पहिली लस अजून झालेली नव्हती.

तर, साडेदहाचं सांगत होते.

कारखान्यात सगळ्यांना पक्कं ठाऊक होतं की रोग कुणी आणला. नवीने. ती येऊन आठ महिने झाले तरी तिला नवीच म्हणतात. ती दुसऱ्या गावच्या कारखान्यातून आली, आणि येताना स्वतःची एक पितळी तोटी घेऊन आली. काम करताना ती तोटी नळीच्या टोकाला बसवते, त्यातून फुंकते, मग काढून धुऊन खिशात टाकते. लोकांना ते फार लागलं. "आमचं तोंड काय विटाळलंय?" असं गवई तोंडावर म्हणाला होता. मग तिच्यानंतर नळी घ्यायची नाही, तिला नळी द्यायची नाही, असं न बोलता ठरूनच गेलं. ती आपली एकटी लहान चिमण्या करत बसते.

मी त्या सकाळी चिठ्ठ्यांचा डबा काढला तो नवीविरुद्ध पुरावा गोळा करायला. नर्सबाईंपुढे टाकायचा आणि म्हणायचं, हे घ्या, हिच्यामुळे. माझ्या नातीच्या आधी कारखाना साफ झालेला मला हवा होता.

टेबलावर चिठ्ठ्या मांडल्या. लंबू आजारी पडण्याआधीच्या आठवड्यात लंबूने काय काय केलं? सहा वस्तू. नवीबरोबर? एकही नाही. बरं, गवई? अकरा वस्तू. नवीबरोबर? छे. चष्मिस? तोही नाही. आठ महिन्यांत नवीची नळी दुसऱ्या कुणाच्या तोंडाला लागलीच नव्हती. आम्हीच लागू दिली नव्हती. मला रागच आला. एवढी मेहनत केली आणि चोर सापडेना.

मग मी दुसऱ्या रकान्याकडे बघितलं. पहिली फुंकर. लंबू: दादा, दादा, दादा, दादा, दादा, दादा. गवई: दादा, आणि खाली दादा, आणि खाली दादा. माझे कान तापले. लंबूच्या आधीच्या महिन्यात लहान बरण्यांवर फुंकर ज्याची त्याची होती. त्यानंतर प्रत्येक चिठ्ठीवर, अगदी शाईच्या दौतीवरसुद्धा, माझ्याच अक्षरात, दादा.

मी नर्सबाईंना फोन लावला.

"नर्सबाई, ज्याला काहीच होत नाही, असा माणूस रोग देऊ शकतो का? शिंक नाही, ताप नाही, घसा खणखणीत?"

पलीकडे मुलं रडत होती, लसीकरणाचा वार होता. "देऊ शकतो म्हणजे काय! घशात जंतू घर करून बसतात. अंगाला त्यांची ओळख असते, म्हणून त्याचं काही बिघडत नाही. पाहुण्याने घरच्यांना त्रास देऊ नये आणि शेजाऱ्यांची झोप उडवावी, तसं. का हो?"

मी सांगितलं. चिठ्ठ्या वाचून दाखवल्या. 

"तुमच्या दादांची काडी मी घेतलीये का?"

"यादीत असेलच की."

"यादीत बरोबरची खूण आहे. पण लॅबवाला सकाळपासून ओरडतोय माझ्यावर, चौदा नावं आणि काड्या तेराच! खुणा करायला यादी मी कुणाच्या हातात दिली होती?"

दादाच्या. मुख्य माणूस म्हणून.

"अहो ताई!" बाई जवळजवळ ओरडल्या. "हे सापडलं असेल ना, तर तुम्ही कमाल केलीत! मी येते. पण इथे सव्वाशे मुलं आहेत, चारच्या आत सुटका नाही. आणि काडी आज घेतली तरी उत्तर परवा. तोवर बाळ त्यांच्यापासून लांब. नळीला तर अजिबात नाही. कळलं?"

कळलं होतं. आनंदही झाला होता, खोटं कशाला बोलू. पन्नाशी उलटलेली बाई मी, चिठ्ठ्यांच्या ढिगातून एवढी मोठी गोष्ट हुडकून काढली, मला टेबलावर चढून ओरडावंसं वाटत होतं. तो आनंद भट्टीच्या दारापर्यंत टिकला.

दादा सांडशीने काचेचा काठ सरळ करत होता. काम होईपर्यंत थांबले. मग त्याला कोपऱ्यात घेऊन हळूच सगळं सांगितलं.

तो आधी हसला. "बारके, तुझं डोकं त्या कागदाच्या भुशाने भरलंय."

"दादा, काल काडी का नाही घेऊ दिलीस?"

"काडी आजारी माणसाच्या घशात घालतात."

"आणि गोळ्या?"

"नवीला दिल्या. म्हटलं, तुझं तू घे आणि माझंही घे, दुप्पट लवकर साफ होशील."

"देवा! आणि तिने घेतल्या?"

"मी वेडी आहे का?" नवी मागूनच बोलली. तिच्या खिशात दोन पाकिटं होती, एक फोडलेलं, एक तसंच. "हे घ्या ताई. यांना द्या. मी दिलं तर म्हणतील, विष घातलं."

दादाचा चेहरा भट्टीच्या उजेडात आधीच लाल असतो, तो आणखी लाल झाला. "म्हणजे माझ्यामुळे? मी लंबूचा गळा कापला? चाळीस वर्षांत मला एक शिंक आलेली नाही!"

"तेच तर म्हणतेय रे मी! तुला काही होत नाही म्हणूनच—"

"बारके, माझ्यावर आळ घेऊ नकोस." आवाज इतका खाली आला की मी मागे सरले. "चार वाजता पोरीला घेऊन ये म्हणावं तुझ्या लेकीला. मी गोळा फुगवणार. माझ्या बळावर संशय असेल तर तू खोलीत बस."

मी लेकीला फोन केला. तो तिने घेतला नाही, बाळाला न्हाऊ घालत असेल. दुसरा केला. तिसरा केला. दुपारभर करतच राहिले. सव्वातीनला तिचा आला. "आई, निघालो सुद्धा. रस्त्यात आहे. काय झालं?" "येऊ नकोस," म्हटलं. "काय? ऐकू येत नाही. पोचल्यावर बोलू." आणि बंद.

पावणेचारला ती दारात हजर. बाळाला पांढऱ्या दुपट्यात गुंडाळलेलं, फक्त नाक बाहेर. सगळे काम थांबवून गोल उभे राहिले. मी धावले, तिला दंडाला धरून सांगू लागले, पण माझं अर्धं वाक्य आणि सगळ्यांचे "आली, आली", "अगं बाई, दादांचंच नाक", "सरक, मला बघू दे" यांची अशी खिचडी झाली की तिला एवढंच कळलं की मी काहीतरी नको म्हणतेय.

"आई, आता? सगळे थांबलेत. मामा बघ."

मामाने नळी भट्टीत घातली होती.

मी दादाला हजारो वेळा काम करताना पाहिलंय. पण त्या दिवशी तो जे करत होता ते फार सुंदर होतं, हे सांगायलाच हवं. नळी बाहेर आली, टोकावर मधासारखा गोळा, तळहातावर नळी फिरतेय, थांबत नाही. त्याने तोंड लावलं. गाल फुगले नाहीत, त्याचे कधीच फुगत नाहीत, सगळं छातीतून येतं. गोळ्याच्या पोटात उजेड शिरला आणि तो वाढत गेला. नारिंगी, मग गुलाबी. कुणीतरी "वा" म्हणालं. दादाने तोंड काढलं आणि नळी वळवली, टोक माझ्या नातीकडे.

मी मध्ये गेले आणि टोकावर तळहात ठेवला. ते टोक थंड असतं, त्यात शौर्य काही नाही.

"काढ हात," दादा म्हणाला.

"नाही काढणार."

"बारके, काच थंड होतेय."

होतच होती. गोळा फुगवल्यावर पुन्हा भट्टीत घालेपर्यंत अर्धं मिनिट मिळतं, फार तर थोडं जास्त. ते आम्हा सगळ्यांच्या अंगात मुरलेलं असतं, मनात आपोआप आकडे चालू होतात. सगळे आकडे मोजत होते हे मला कळत होतं.

"ताई, हे बरं नाही," कुणी म्हणालं. "अपशकुन करताय." दुसरा म्हणाला, "त्या नवीने कान भरलेत."  लेक एकदा माझ्याकडे, एकदा मामाकडे बघत होती. बाळाने जांभई दिली.

आळ, पुरावा, जंतू, हे सगळं दादाला सांगून झालं होतं. ते त्याच्या डोक्यावरून गेलं होतं. आता काय सांगू? आणि मला एकदम सुचलं की हा माणूस तारखा विसरतो, नावं विसरतो, स्वतःच्या भाचीचं वय विसरतो, पण त्याने फुगवलेली एकही वस्तू विसरत नाही.

"दादा, ती उंच निळी फुलदाणी आठवते? दोन कानांची?"

"तिचं काय?"

"पहिली फुंकर तुझी. मान कुणी ओढली?"

"लंबूने." नळी त्याच्या हातात फिरतच होती. "छान ओढली होती."

"चार दिवसांनी तो झोपला. पिवळी बरणी, बोंडाच्या झाकणाची?"

"गवई."

"तुझ्याच नळीवर. त्या शुक्रवारी बरणी, मंगळवारी ताप. आणि ती दौतींची ओळ, बारा दौती, ज्यांच्या नळीत तू सकाळी शुद्धीची फुंकर मारलीस—"

"चष्मिस," दादा म्हणाला. आता तो माझ्याशी बोलत नव्हता. त्याचे डोळे कुठेतरी वर, माळ्याकडे लागले होते आणि तो एकेक वस्तू बघत होता, हे मला स्पष्ट दिसत होतं. "बारावी दौत जराशी वाकडी होती. म्हटलं, याचं लक्ष कुठे आहे. त्याला तेव्हाच बरं वाटत नसणार."

"आळ तुझ्यावर नाही रे," मी म्हटलं, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं. "सगळ्या नळ्यांत दादाने आधी फुंकावं, ही अक्कल माझी. तू माझं ऐकलंस. आता आणखी एकदा ऐक."

नळी फिरायची थांबली.

हे तुम्हाला साधं वाटेल. पण नळी थांबली की काच वाकते, हे आमच्याकडे तान्ह्या पोरालाही कळतं. दादाच्या हातून चाळीस वर्षांत एक वस्तू पडली नव्हती. गोळा एका बाजूला ओघळला, लांब झाला, त्याच्या पोटातला उजेड विझला, आणि तो फरशीवर टेकून किणकिणत फुटला. 

दादाने नळी हळूच कठड्याला टेकवली. मग त्याने डाव्या हाताने स्वतःचं तोंड झाकलं, आणि एकेक पाऊल मागे मागे जात, माणसांना आणि भिंतीला चाचपत, पार मागच्या दारापर्यंत गेला.

"पोरीला बाहेर ने," हाताच्या आडून तो लेकीला म्हणाला. "मोकळ्यावर ने. लवकर!"

लेकीला तेव्हा कुठे सगळं कळलं. ती बाळाला छातीशी धरून अशी पळाली, की बाहेरून आत येणाऱ्या नर्सबाईंना तिने जवळजवळ लोळवलंच.

"कुठे आहेत ते?" नर्सबाई धापा टाकत म्हणाल्या. काडी हातात, पिशवी खांद्यावरून घसरलेली. आम्ही सगळ्यांनी मागच्या दाराकडे बोट केलं. दादा तिथे भिंतीला चिकटून उभा, एवढा मोठा माणूस, शाळेत शिक्षा झाल्यासारखा.

"आ करा," बाई म्हणाल्या. त्यांना स्टुलावर उभं राहावं लागलं.

त्याने आ केला. इतका मोठा, की मागून कुणाला तरी हसू फुटलं, आणि मग आम्ही सगळेच हसलो, नवीसुद्धा, डोळे पुसत.

तिसऱ्या दिवशी दुपारी नर्सबाईंचा फोन आला. मी खोलीतून ओरडतच भट्टीवर गेले. तेरा काड्या साफ. चौदावीत जंतू. नवीचं नाव यादीत सगळ्यात वर होतं, आणि साफ. ही बातमी मी जरा जास्तच मोठ्याने सांगितली. तिच्याकडे बघायला कुणाला होईना. शेवटी एकजण पुढे झाला आणि म्हणाला, "ती तोटी जरा दाखव बघू, कशी बसवतात." ती म्हणाली, "आठ महिने विचारायला लागले?" पण दाखवली. आता प्रत्येकाची आपापली आहे. बसवायला चार सेकंद जातात आणि त्यावरून रोज कुरकुर होते, ती होऊ दे.

बाळाला त्यानंतर सहाव्या दिवशी लस मिळाली. घसा, ताप, काहीच झालं नाही तिला. रोज सकाळी फोन करून "आज कशी आहे?" विचारायचे, ते दहा दिवसांनी थांबवलं.

दादाला औषधं चालू झाली. घरी एका खोलीत राहायचं, कुणाला भेटायचं नाही. रोज खिडकीतून मला विचारायचा, लंबू कसा आहे, बोलतो का. लंबूला बोलता येत नव्हतं अजून, पण त्याने कागदावर लिहून पाठवलं, "दादांना सांगा, ती फुलदाणी विकू नका, मला हवी." दादाने तो कागद माझ्याकडून तीनदा वाचून घेतला.

मग दोन आठवड्यांनी पुन्हा काडी, साफ. एक दिवस सोडून पुन्हा, तीही साफ. नर्सबाई म्हणाल्या, झालं, मोकळे आहात. आणि आता आमच्यापुढे उलटाच पेच. ज्या माणसाचा काडीवर विश्वास नव्हता, त्याचा आता 'साफ' या शब्दावर बसेना. लेकीच्या दाराबाहेर पायरीवर उभा.

"मामा, आत ये."

"बाईला आणखी एकदा विचार."

"तीनदा विचारलं. बाई वैतागल्या आता."

"मग मी इथूनच बघतो."

लेक माझ्यासारखीच. ती उठली, बाहेर गेली, आणि बाळ सरळ त्याच्या हातांत ठेवून मागे सरली. आता टाकणार कुठे? दादाने बाळाला धरलं, भट्टीतून नुकत्याच काढलेल्या काचेसारखं, दोन्ही तळहातांवर. मान इतकी वळवली की कानच बाळाकडे. आणि ओठ घट्ट मिटून उभा राहिला.

बाळ त्याच्या कानाकडे टक लावून बघत होतं. आम्ही बघत होतो. दादाचा चेहरा गुलाबी झाला, मग लाल. कपाळावरची शीर वर आली. मला आधी कळेचना हा काय करतोय, मग कळलं.

"अरे, श्वास घे दादा!" मी ओरडले. "पडशील! श्वास घे!"

त्याने डोक्यानेच नाही म्हटलं.